सेलूकर मॅडमची प्रश्नबंदी

सेलूकर मॅडमच्या खोलीत जायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत आणि विशेषणंही. चपलांचं लोक आपसूक करत. विशेषणांचं मात्र दर वेळी सांगावं लागे.

"फार हट्टी आहे हो," असं म्हणत एखादी आई खुर्चीवर टेकली, की पार्टिशनपलीकडून मला मॅडमचा आवाज ऐकू यायचा. "हट्टी हे विशेषण झालं. मला क्रियापद सांगा. करतो काय?"

शहरातल्या गारखेडा भागात पहिल्या मजल्यावरचा एक फ्लॅट आम्ही दोघींनी मिळून भाड्यानं घेतला होता. पुढची खोली लोकांना बसायला, डावीकडे माझी फिजिओथेरपी, उजवीकडे मॅडम. त्या बालमानसतज्ज्ञ. माझ्याकडे गुडघे, कंबर आणि प्लास्टर काढून आखडलेले हात यायचे. त्यांच्याकडे न बोलणारी, एका जागी न बसणारी, शाळेचं नाव काढलं की ओकणारी मुलं यायची. आमच्यामध्ये प्लायचं पार्टिशन होतं आणि ते लावताना घरमालकानं आवाजाचा काही विचार केलेला नव्हता. त्यामुळे कुणाचा तरी गुडघा वाकवता वाकवता मी मॅडमना कित्येक वर्षं ऐकलं. ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही असं आमचं ठरलेलं होतं, म्हणून इथं मुलांची नावं आणि काही खुणा बदलल्या आहेत. मॅडम आहेत तशाच ठेवल्या आहेत.

बाई ठेंगणी, आवाज खणखणीत. सुती साडीचा पदर कमरेला खोचून त्या मुलांबरोबर सतरंजीवर बसायच्या आणि मग उठताना मला हाक मारायच्या. फुकटची फिजिओथेरपी त्यांनी हक्कानं घेतली. ज्या दिवशी त्यांच्या कॉलनीत नळाला पाणी यायचं त्या दिवशी त्या उशिरा यायच्या, आणि आल्या की हातात भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी. पालक बोलत असताना त्या शेंगदाणे खात. काही पालकांना ते आवडायचं नाही. "तोंड चालू असलं की मी मध्ये बोलत नाही," असं त्यांचं समर्थन होतं, आणि ते खोटं होतं. त्या खाताखाताही मध्ये बोलायच्या.

वडील परभणीकडे शाळेत मराठी शिकवायचे, त्यामुळे व्याकरण अंगातच भिनलेलं. आमच्या खाली हार्डवेअरचं दुकान होतं. त्याच्या भिंतीवर 'येथे गाड्या लावू नये' असं लिहिलं होतं. मॅडमनी दुकानदाराला 'नयेत' करायला सांगितलं. तो हसला आणि विसरला. तेव्हापासून मॅडमनी त्याच्याकडून साधा खिळाही घेतला नाही. हातोडी लागली तरी माझ्याकडे मागायच्या. माझ्याकडे कुठून असणार?

एकदा शेंद्र्याच्या एका कंपनीतले इंजिनियर मुलाला घेऊन आले. पोरगा तिसरी-चौथीतला, इंग्रजी शाळेतला.

"डोकं आहे मॅडम, पण वापरत नाही. प्रचंड आळशी."

"विशेषण. पुस्तक घेऊन बसवल्यावर करतो काय?"

"काही करत नाही ना!"

"काहीतरी करत असेलच. आठवा."

इंजिनियर साहेब आठवायला लागले. आधी पाणी प्यायला उठतो. मग बाथरूमला जातो. मग पेन्सिलीला टोक करतो, ते मोडतो, परत करतो. बहिणीची वेणी ओढतो. धडा मोठ्यानं वाचायला लावला तर चित्र बघून मनानंच गोष्ट सांगतो.

"एवढी कामं करतो आणि आळशी?" मॅडम म्हणाल्या. "तुम्ही ऑफिसात एवढं करता का?"

तपासणीत निघाला डिस्लेक्सिया. पोराला अक्षरं जुळवताना घाम फुटायचा, म्हणून ते चुकवायला तो घरभर धावत होता. बापाचा चेहरा मी पाहिला नाही, पण खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

दुसऱ्या एक बाई दखनी बोलणाऱ्या. "बिलकुल शैतान है मॅडम, बिलकुल." मॅडमची हिंदी परभणीच्या पुढे गेलेली नव्हती. "शैतान नक्को. करता क्या, वो बोलो." त्या बाईंनी जे सांगायला सुरुवात केली ते मी हातातलं काम थांबवून ऐकलं. पोरगं कपाटावर चढतं, तिथून पलंगावर उडी मारतं, जेवताना चार घरं फिरून येतं, झोपेतही पाय झाडतं. "और मॅडम, रोता भी है. रात को बोलता, अम्मी, मेरे से बैठा नै जाता." सगळ्या मोहल्ल्यानं शैतान ठरवलेलं पोर आईला सांगत होतं, की मला बसता येत नाही. मॅडमनी तिथल्या तिथे सांगितलं, की हा एडीएचडीसारखा प्रकार दिसतोय, नीट तपासू, याला उपाय आहेत, आणि ही तुमच्या वळण लावण्यातली चूक नाही. शेवटचं वाक्य त्या प्रत्येक आईला दोनदा सांगायच्या. एकदा सांगून पोहोचत नाही, म्हणायच्या.

आजाराचं नाव त्या लपवायच्या नाहीत. ऑटिझम असेल तर ऑटिझम, स्वमग्नता. नाव स्पष्ट उच्चारायचं, समोरचा रडला तर रडू द्यायचं, पाण्याचा ग्लास पुढे करायचा. 'बिच्चारं' म्हणायला मात्र सक्त मनाई होती. माझ्या एका पेशंट आजींनी पुढच्या खोलीत एका मुलाकडे बघून 'बिच्चारं लेकरू' म्हटलं, तर मॅडम बाहेर येऊन त्यांच्यावर डाफरल्या. आजी मला म्हणाल्या, "तुझी ही बाई लई कडक दिसती गं."

कडक होत्याच, आणि त्याचा तोटाही व्हायचा. बिडकीनहून एक गृहस्थ मुलीला घेऊन आले होते. सोमवार आला की तिचं पोट दुखायचं, शाळेच्या दारात हातपाय गार पडायचे, आणि हे गृहस्थ तिच्यासमोरच 'नाटकी, नाटकी' करत होते. मॅडमनी त्यांना तिसऱ्यांदा टोकलं आणि मग असं काही झापलं, की ते मुलीचा हात धरून उठले ते परत आलेच नाहीत. भीतीचा साधा, बरा होण्यासारखा त्रास होता. त्यानंतर किती तरी दिवस मॅडम आल्या आल्या विचारायच्या, "बिडकीनची आली होती का गं?" नाही म्हटलं की आत जाऊन दार लावून घ्यायच्या. आपली जीभ आपल्याकडे येणाऱ्या मुलांचं नुकसान करते हे त्यांना ठाऊक होतं. जीभ काही ऐकत नव्हती.

अशात फुलंब्रीहून गौरी आली. पाचेक वर्षांची. बरोबर आई, वडील आणि वडिलांची आई. घरची शेती, वडील रोज मोटारसायकलनं शहरात नोकरीला, आई जवळच्या पतसंस्थेत. गौरी दिवसभर आजीपाशी. आजी आत गेल्याच नाहीत, पुढच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसल्या.

आत मॅडमनी नेहमीचं सुरू केलं. गौरीच्या आईनं विशेषणं आणलीच नव्हती. ती म्हणाली, "बोलत नाय. बगत नाय. हाक मारली तर येत नाय. लेकरांत खेळत नाय."

"ही सगळी 'नाय'ची क्रियापदं," मॅडम म्हणाल्या. "करते ते सांगा."

मला वाटलं, आता ही बाई रडणार. पण ती हळूहळू बोलायला लागली. "दारामागं बसती. बिजागरी हलवती, तिचा आवाज ऐकती. तांदळात हात घालून बसती. कपड्याच्या घड्या करती, माझ्यापेक्षा नीट. झोपताना माझा कान धरती." मग म्हणाली, "मॅडम, हे मी आजवर कुनाला सांगितलंच नव्हतं. कुनी विचारलंच नाय."

मॅडम गौरीकडे वळल्या. "गौरी, तुला पाणी पाहिजे का?"

"तुला पाणी पाहिजे का?" गौरी म्हणाली. जसंच्या तसं, मॅडमच्याच सुरात.

"बगा," वडील म्हणाले. "निस्ता पोपट. आन् त्याला कारन हाय." मग त्यांनी हसत हसत सांगितलं, की पोरगी साडेतीन वर्षांची झाली तरी बोलेना, म्हणून म्हातारीनं पोपटानं टोचलेले पेरू शोधून शोधून तिला खाऊ घातले. पोपटाचं उष्टं खाल्लं की लेकरू बोलायला लागतं, असं आमच्याकडे मानतात. म्हातारी त्यासाठी शेजारच्या बागेत जाऊन बसायची. आणि मग पोरगी खरंच बोलायला लागली, पण कानावर पडेल तेच परत. "आमी म्हनलं, आये, तू पेरू जास्तीच चारले. पोरगी बोलायची सोडून पोपटच झाली!"

मॅडम हसल्या. खो खो हसल्या. एरवी पालकांच्या समजुतींना त्या हसत नसत, पण ही गोष्ट त्यांना अनपेक्षित होती आणि तोंडात शेंगदाणे होते, त्यामुळे हसता हसता ठसकाही लागला. बाहेर आजींना सगळं ऐकू जात होतं, कारण दार उघडंच होतं. आजी उठल्या, जिना उतरल्या आणि खाली मोटारसायकलीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

मग गौरीच्या आईनं खालच्या आवाजात सांगितलं. घरात पेरूची थट्टा सुरू झाल्यापासून आत्यांनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, गौरीपुढे तोंड उघडणंच सोडलं होतं. जे बोलावं ते पोरगी परत बोलते, आणि ते ऐकलं की त्यांना वाटतं, हे आपणच केलं. त्या खुणेनं जेवायला बोलावतात, खुणेनं झोपायला सांगतात. आमच्या घरात सगळ्यात बोलकं माणूस तेच होतं, असं ती म्हणाली.

ती मंडळी गेल्यावर मॅडम माझ्या खोलीत येऊन टेबलावर बसल्या.

"ऐकलंस ना? मी हसले."

"ऐकलं."

"स्वमग्न मुलं बोलायला शिकताना बरीचशी अशीच शिकतात. ऐकलेलं आख्खं वाक्य उचलतात. नुसता पोपट नाही तो, शिडीची पहिली पायरी आहे. पण त्या पायरीवर उभं राहायला कुणीतरी बोलायला तर हवं! आई-बाप दिवसभर बाहेर. आजी मुकी बसली, तर ही पोर ऐकणार काय? बिजागरी?"

"मग बोलवा आजींना."

"येतील कशाला? मी हसले त्यांना." मग टेबलावरून उतरत, "रविवारी गाडी काढशील?"

मॅडम कुणाच्या घरी जात नसत. तपासायचं ते खोलीत, असा नियम. त्या रविवारी आम्ही फुलंब्रीला गेलो. वाटभर त्यांनी एकाही पाटीतली चूक काढली नाही, तेव्हा मला खरी काळजी वाटली.

आजी ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. गौरी दारामागे. मॅडम सरळ त्यांच्यासमोर खाली बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, मी हसले ते चुकलं माझं. एवढ्या शिकलेल्या बाईनं हसू नये."

आजींनी शेंगा फोडायचं थांबवलं नाही. "हसा की. सगळेच हसत्यात. माज्या हातानं चारलं म्या. लेकराचं भलं व्हावं म्हनून चारलं, आन् इपरीत झालं."

"पेरूनं काही झालेलं नाही. पेरू नसता दिला तरी ती अशीच बोलली असती. ही गौरीची जन्मापासूनची घडण आहे. त्यात तुमचा दोष नाही." नेहमीप्रमाणे हे त्यांनी दोनदा सांगितलं. "आणि ती परत बोलते म्हणजे ऐकते. तुमचा शब्द तिच्यापर्यंत पोचतोय. मला तुमचं बोलणं पाहिजे आजी. माझ्या औषधाच्या कपाटात ते नाही."

"आन् म्या बोलले का तेच माघारी येतंय त्याचं?"

"येऊ दे. ते खटकतं, कारण तुम्ही प्रश्न विचारता. विचारू नका. प्रश्नबंदी. तिला जे म्हणायचं असेल ते तिच्या तोंडचं तुम्ही म्हणा. 'पाणी पाहिजे का' नाही. ग्लास हातात धरायचा आणि म्हणायचं, 'पाणी दे.' तिनं परत म्हटलं तरी बरोबरच म्हटलं!"

आजी विचारात पडल्या. "म्हंजी जेवली का म्हनायचं नाय?"

"नाही."

"कुटं चालली म्हनायचं नाय?"

"नाही."

"आन् मंग बोलायचं काय वं?"

यावर मॅडमही एक शेंग उचलून फोडायला लागल्या. गाडीत परतताना त्या मला म्हणाल्या, म्हातारीनं बरोबर पकडलं. आपल्याकडे माया प्रश्नांतूनच करतात. जेवलास का, आलास का, कधी आलीस, तब्येत बरी का. त्यांचं उत्तर कुणालाच नको असतं. ते काढून घेतलं तर आपल्या माणसांपाशी बोलायला उरतं काय? मी म्हटलं, तुम्ही स्वतः दिवसभर पालकांना प्रश्नच विचारता. त्या म्हणाल्या, तो धंदा आहे.

त्या घराला सवय लागायला फार दिवस गेले. गौरीची आई दर खेपेला हसत हसत हकिगती सांगायची. आजी सवयीनं "भूक लागली..." असं सुरू करायच्या, 'का' ओठांवर आला की जीभ चावायच्या आणि म्हणायच्या, "भाकर दे." शेजारीण आली आणि गौरीला "काय करती गं?" म्हणाली, तर आजींनी तिला ओट्यावरच अडवलं. "इचारायचं नाय. आमच्याकडं बंदी हाय." शेजारणीला वाटलं, सोयरसुतक आहे. पण आजी पुन्हा बोलायला लागल्या होत्या. शेंगा फोडते, शेण काढते, आता सूर्व्या कलला, आता म्हस वरडती. दिवसभर त्यांची टकळी, आणि गौरी दारामागून हळूहळू ओट्यापर्यंत सरकली.

उगाच चमत्कार सांगत नाही. मिक्सर लावला की गौरी अजूनही कान झाकून किंचाळायची. बालवाडीत दुपारपर्यंतच थांबायची, तेही बाईंच्या ओढणीचं टोक धरून. पाणी दे, भाकर दे, दार लाव, अशी आठ-दहा वाक्यं आली. पण ती सगळी कुणीतरी तिच्या तोंडात घातलेली होती. मॅडमना ते डाचत होतं. "अजून उसनंच चाललंय," म्हणायच्या. "एक तिचं स्वतःचं पाहिजे. एकच. मग मी निवांत."

निवांत हा शब्द खरा होता. त्यांचे गुडघे माझ्या हाताबाहेर गेले होते, आणि मुलगा त्यांना नाशिकला न्यायला बसला होता. खोली सोडायचं ठरलं. बाकीच्या मुलांच्या फायली त्यांनी एका तरुण मुलीकडे सोपवल्या, तिला आठवडाभर झापून झापून सगळं समजावलं. गौरीकडे मात्र स्वतः जायचं म्हणाल्या. मी गाडी काढली.

आजींनी मोठा पाहुणचार मांडला होता. पुरणपोळी केली होती, गौरीच्या आईनं ओटीचं ताट तयार ठेवलं होतं. मॅडम सतरंजीवर गौरीसमोर ठोकळे घेऊन बसल्या. गौरी एकावर एक ठोकळे रचत होती, मॅडम आवाज न करता बघत होत्या. पण घरात माणसं जास्त होती, भांडी वाजत होती, शेजारणीही निरोपाला आल्या होत्या. गौरीनं एकदा कान झाकले. परत हात काढले. ठोकळा ठेवला. मग तिनं मॅडमच्या गुडघ्यावर हात ठेवला, तो थोडा ढकलला आणि म्हणाली,

"मॅडम, जा."

आजींनी कपाळावर हात मारला. "अगं भवाने! जा म्हनू नाय पाव्हन्याला! या म्हनावं, या!"

आणि तिथंच सगळ्यांच्या आधी गौरीच्या आईच्या लक्षात आलं. तिनं हातातलं ताट खाली ठेवलं. त्या घरात दाराशी आलेल्या कुणालाही, कुणीही, कधी 'जा' म्हटलेलं नव्हतं. जाणारा 'येतो' म्हणतो, घरचे 'या' म्हणतात. शत्रूलासुद्धा म्हणतात. हे वाक्य गौरीनं कुणाकडून ऐकलं असणं शक्यच नव्हतं.

मॅडम उठायला लागल्या. मी हात दिला.

"अवं, बसा की," आजी गयावया करत म्हणाल्या. "पोळी खाल्ल्याबिगर? वटी राह्यली! लेकराचं काय मनावर घेता?"

"मनावरच घ्यायचं आजी," मॅडम म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून वाहत होते आणि त्या पुसत नव्हत्या. "तिनं जा म्हटलंय. मी आत्ता बसले, तर बोलून काही होत नाही असं तिला वाटेल."

गौरी त्यांच्याकडे बघत होती. डोळ्यांत नाही, हनुवटीकडे, पण बघत होती. मॅडमनी ओटी घेतली नाही, पोळीला हात लावला नाही. उंबऱ्यापाशी थांबून त्या मागे वळल्या. आमच्याकडे निघताना कुणीच म्हणत नाही, आणि त्यांच्या तोंडून मीही कधी ऐकला नव्हता, तो शब्द त्या स्पष्ट म्हणाल्या.

"जाते हं, गौरी."